प्रवाळ : शब्दातले आणि समुद्रातले

काशीच्या सराफ्यात मंगळाच्या शांतीसाठी अंगठीत बसवावयाचा तांबडा खडा 'मूँगा' या नावाने मागितला जातो. येथील महाराष्ट्रीय घरांत त्यालाच 'पोवळे' म्हणतात. गुजराती 'परवाळुं', कन्नड 'हवळ', तमिळ 'पवळम्' ही नावेही, पोवळ्याप्रमाणेच, 'प्रवाल' या शब्दाच्या परिवारातील मानली जातात. भारतीय भाषांनी हा शब्द जपला तो रत्न म्हणून; तांबडे, घडीव आणि निर्जीव. समुद्रातील जिवंत प्रवाळ आज ज्या संकटात आहे, ते समजून घेताना या वारशाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचा विचार करणे अगत्याचे आहे.

संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे पोवळे, तसेच कोवळी पालवी. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या स्मिताला उपमा शोधताना कालिदासाने पालवीसाठी 'प्रवाल' आणि पोवळ्यासाठी 'विद्रुम' असे दोन्ही शब्द एकाच श्लोकात योजले आहेत. 'विद्रुम' या नावातही वृक्षवाचक 'द्रुम' आहेच. युरोपातही प्रवाळ ही दीर्घकाळ वनस्पतीच समजली जात असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेसोनेल या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याचे निरीक्षण करून त्याची 'फुले' म्हणजे वस्तुतः प्राणी आहेत, असे प्रतिपादन केले. ते विद्वानांच्या गळी उतरावयास पुढे बरीच वर्षे लागली.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. दागिन्यातील तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. ते प्रवाळभित्ती उभारीत नाही. भित्ती उभारणारे प्रवाळ उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात राहतात. त्यांचा प्रत्येक जीव लहान असून तो चुन्याचा सांगाडा घडवितो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वास करते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि प्रवाळाच्या गरजेचा फार मोठा भाग भागविते. प्रवाळ त्याला आसरा देतो. भित्तीवरील प्रवाळांचा तपकिरी-हिरवट रंग बहुतांशी या शैवालाचाच असतो. म्हणजे 'प्रवाल' शब्दातील पालवी अगदीच खोटी नव्हती. ती प्राण्याच्या पोटात होती.

समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून केवळ 1 अंश सेल्सिअसने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही सोबत तुटते. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो, पारदर्शक देहातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच 'विरंजन' म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो. पाणी वेळीच निवले तर शैवाल परतते, न निवले तर मृत्यू ओढवतो. शिवाय हवेतील कर्बवायू पाण्यात अधिकाधिक मुरून समुद्राची आम्लता वाढत आहे, त्यामुळे चुन्याचा सांगाडा घडविणेही कठीण होत चालले आहे.

भित्तीचे आरोग्य पाहण्याची रीत साधी, पण चिकाटीची आहे. पाणबुडे अभ्यासक तळावर फीत अंथरतात, तिच्याखाली जिवंत प्रवाळ किती, विरंजित किती, मृत किती याची नोंद करतात आणि वर्षानुवर्षे त्याच जागी परत येतात. लक्षद्वीपमध्ये अशा नोंदींतून 1998, 2010 व 2016 या वर्षांच्या उष्णतेचे परिणाम उलगडले. तेथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन 1998 मधील सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 पर्यंत सुमारे 19 टक्क्यांवर आले. दोन आघातांमधील विसावा अपुरा पडू लागला, की भित्ती सावरत नाही. 2024 साली तर जगातील चौथे व्यापक विरंजन जाहीर झाले.

महाराष्ट्राचा संबंध याहून निकटचा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासिम व वाफर यांनी 1979 साली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदविले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. पावसाळ्यातील गढूळ, गोडे पाणी आणि ओहोटीचे ऊन सोसणारे हे काटक प्रवाळ. तरीही 2014 आणि 2015 साली तेथे विरंजन आढळले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 100 किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे आंग्रिया पठार पाण्याखाली आहे. तेथील पाणी नितळ आहे, पण तापणाऱ्या समुद्रापासून त्या दूरच्या पठारालाही सुटका नाही.

आता पुन्हा शब्दाकडे. मराठीत 'विरंजन' ही संज्ञा कापड आणि कागद यांच्या कारखान्यांतून परिचित झाली. तेथे तिचा अर्थ डाग घालवून वस्तू शुभ्र करणे असा आहे. प्रवाळाच्या बाबतीत हीच शुभ्रता उपासमारीची खूण होय. ज्या वाचकाच्या मनात प्रवाळ म्हणजे निर्जीव रत्न आणि विरंजन म्हणजे स्वच्छता, त्याला मालवणच्या पाण्यातील पांढरी भित्ती पाहून भय वाटणार नाही. कदाचित ती सुंदरच वाटेल. संज्ञा बदलण्याची गरज नाही. मात्र कोशकारांनी 'प्रवाळ' या नोंदीत रत्नाच्या अर्थाआधी जिवंत प्राण्याचा अर्थ द्यावा आणि 'विरंजना'च्या नोंदीत उपासमारीचा हा अर्थ जोडावा. तेवढ्याने समुद्र निवणार नाही, हे खरे. परंतु तेथे काय घडत आहे, ते मराठीत वाचणाऱ्याला नीट कळेल.