अकरावीत ‘संगणकशास्त्र’ घेताना

दहावीचा निकाल लागला की जालना जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला वा मुलीला संगणक अभियंता व्हायचे आहे, तर अकरावीला ‘संगणकशास्त्र’ घ्यावेच लागेल का? 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्याने हा निर्णय अर्ज भरतानाच करावा लागतो.

विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय आहे. तो 200 गुणांचा असून त्याच्या दोन भागांना प्रत्येकी 50 गुणांची लेखी व 50 गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. मात्र तो दोन विषयांची जागा घेतो: एक दुसरी भाषा, म्हणजे बहुधा मराठीच, आणि दुसरा बहुतेक वेळा जीवशास्त्र. प्रात्यक्षिकाचे गुण चांगले पडतात, म्हणून अनेक जण हा विषय घेतात. जीवशास्त्र सुटले, हे पुष्कळदा नंतर ध्यानी येते. 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही ‘नीट’ देण्याची मुभा दिली, परंतु तो वळणाचा रस्ता आहे.

अभियांत्रिकीचा प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतील गुणवत्तेवर होतो. तेथे गणिताला 100, भौतिकशास्त्राला 50 व रसायनशास्त्राला 50 गुण असतात; संगणकशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. म्हणजेच संगणक शाखेसाठी हा विषय अनिवार्य नाही. गणित कच्चे ठेवून संगणकशास्त्रात पैकीच्या पैकी मिळवले, तरी या गुणवत्ता यादीत त्याचा उपयोग होत नाही.

मग तो घेऊच नये काय? तसे नव्हे. आजवरच्या अभ्यासक्रमात सी++, एचटीएमएल, संगणकजाळी यांसोबत 8085 हा मायक्रोप्रोसेसर शिकवला जात आला आहे. तो 1976 सालचा, आजच्या मोबाईलचा पणजोबाच म्हणा ना! परंतु दोन संख्यांची बेरीज यंत्राच्या आत पायरीपायरीने कशी होते, हे त्याच्यावर जितके स्वच्छ उमगते तितके अन्यत्र क्वचितच. घरी संगणक नसलेल्या मुलाला प्रयोगशाळेतील हे तास फार मोलाचे ठरतात, अर्थात तेथील संगणक चालू असतील तर! प्रवेशापूर्वी पालकांनी प्रयोगशाळा स्वतः पाहावी.

ज्यांना जीवशास्त्र सोडायचे नाही, त्यांच्यासाठी 100 गुणांचा ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषय आहे. त्याची 80 गुणांची परीक्षा ऑनलाइन व 20 गुणांचे प्रात्यक्षिक असते. तो घेतल्यास दुसरी भाषा तेवढी सुटते.