नागपूर ते दिब्रुगढ : किती किलोमीटर, किती तास?

आपल्या हॉस्टेलवर आसामची बरीच पोरं आहेत. एप्रिलच्या मध्यावर त्यांचा बिहू येतो आणि नेमकी तेव्हाच सबमिशनची घाई! चार दिवसांची रजा मिळाली तर ती रेल्वेतच संपते. म्हणून आमच्या विंगमधल्या एका मित्रासाठी मी विमानाचा हिशोब मांडला, तोच इथे देतो.

नागपूर विमानतळ २१.०९ अंश उत्तर, ७९.०५ अंश पूर्व. दिब्रुगढचा मोहनबारी विमानतळ २७.४८ उत्तर, ९५.०२ पूर्व. फरक ६.३९ आणि १५.९७ अंशांचा. एक अंश म्हणजे १११ किमी धरून पायथागोरस लावला की येतात १,९१० किमी. पण हे उत्तर चूक! रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून पूर्व-पश्चिम फरकाला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २४.३ अंशांच्या, कोसाइनने (०.९११) गुणावं लागतं. आता येतात १,७६५ किमी. गोलावरचं पूर्ण सूत्र वापरलं तरी तेवढेच. एका कोसाइनने १४५ किमी कमी केले, मॅथ्सला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता वेळ. जेट विमानाचा वेग ताशी ८३० किमी धरला तर २ तास ८ मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांचा अर्धा तास वेगळा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. वारा ताशी १०० किमीचा धरा. जाताना तो पाठीवर, म्हणून १ तास ५४ मिनिटं. येताना तोंडावर, म्हणून २ तास २५ मिनिटं. बेरीज ४ तास १९ मिनिटं, आणि वारा नसता तर ४ तास १५. म्हणजे जाताना मिळालेला फायदा येताना पुरता फिटून वर तोटाच होतो, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो.

बरं, थेट विमान नसलं आणि कोलकात्यावरून गेलं तर? नागपूर-कोलकाता सुमारे ९८५ किमी, पुढे ८५०. वळसा फक्त ७० किमीचा, विमानाला पाच मिनिटांचा! खरा वेळ खातं ते कोलकात्याला बसून राहणं. तेव्हा तिकीट काढताना किलोमीटर नाही, मधला थांबा बघा. पण तो फार कमीही नको. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही, आणि बिहू कोलकात्याच्या खुर्चीवरच साजरा होतो. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर असले तर पुढची सोय बघणं कंपनीकडे येतं. माझ्या मते चार पैसे जास्त गेले तरी तेच घ्यावं.

आणखी एक. सोळा अंश पूर्वेला म्हणजे अंशाला चार मिनिटं या हिशोबाने सूर्य तासभर आधी मावळतो, घड्याळ मात्र तेच. एप्रिलमध्ये संध्याकाळी सहाला उतरलात तर बॅग हातात येईपर्यंत अंधार. गाव पुढे लांब असेल तर सकाळचं विमान धरा.