कोल्हापूरहून गेलेले पत्र

मागच्या महिन्यात एक माजी विद्यार्थिनी घरी आली. मुलगी हुपरीची. घरी चांदीचे पैंजण घडवण्याचा पिढीजात धंदा. हिला मात्र धातुशास्त्र शिकायला अमेरिकेस जायचे आहे. त्यासाठी ती 'जीआरई' परीक्षा देऊन आली होती.

ही परीक्षा १९३६ साली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या विद्यापीठांच्या साह्याने प्रयोग म्हणून निघाली. २०२३ पासून ती दोन तासांच्या आतच आटोपते. भाषा आणि गणित यांना प्रत्येकी १३० ते १७० गुण, निबंधाला शून्य ते सहा. अलीकडे कित्येक विद्यापीठे तिची सक्ती करीत नाहीत, हा भाग वेगळा.

"सर, गुण चांगले पडले. पण 'मला का शिकायचंय' हे दोन पानांत लिहायचंय, तिथंच गाडी अडलीय."

तिने आणलेला मसुदा वाचला. सारे शब्द उसने!

मला आनंदीबाई जोशी आठवल्या. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून गोपाळरावांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला, तो कोल्हापूरच्या मुक्कामी. ते पत्र एका मिशनरी मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीत दंतवैद्याकडे खोळंबलेल्या कार्पेंटरबाईंच्या नजरेस पडले. तिथून ओळख जुळली. १८८३ साली आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः अर्ज लिहिला, प्रवेश मिळवला आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, त्यांची नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला.

दंतवैद्याकडे ते मासिक नसते तर? हुपरीच्या मुलीने अशा योगायोगावर का विसंबावे? ओळखदेख नसलेल्या मुलीची दखल घ्यायला परीक्षा भाग पाडते, हा तिचा मोठा गुण. फी मात्र परवडायला हवी! पण 'कशासाठी शिकायचे?' हे ती विचारीत नाही. त्याचे उत्तर आनंदीबाईंजवळ होते: इथल्या बायकांना स्त्री-डॉक्टर हवी होती.

मी विचारले, "धातूचं वेड कधी लागलं?"

"लहानपणी बाबा चांदी आटवायचे. घट्ट चांदीचं पाणी कसं होतं, हे विचारलं की म्हणायचे, तूच शीक आणि मला सांग."

"अगं, मग हेच लिही की!"

तिने मसुदा दुमडला, कोरा कागद मागितला आणि माझ्याच टेबलाशी लिहायला बसली.