बुट्टी लावलेला बंब

‘जीप, अग्निशामक, बंद अवस्थेत, एक नग.’ 2016 साली एका साखर कारखान्याच्या भंगार लिलावाच्या यादीत ही ओळ होती. बगॅसच्या ढिगाला आग लागली तर धावायला म्हणून कधीकाळी घेतलेली ही महिंद्राची सीजे-3बी चिंचेखाली कित्येक वर्षं उभी होती. मागे पंप, पंपात चिमण्यांचं घरटं. बोली लावणारे आम्ही दोघेच. भंगारवाला लोखंडाच्या वजनाचा हिशोब करत होता, मी कसलाच करत नव्हतो. त्यामुळे गाडी मला मिळाली.

पहिली दोन वर्षं मी वाया घालवली, हे आज स्वच्छ कबूल करतो. लाल रंग आणि पितळी घंटा यापलीकडे मला काही दिसतच नव्हतं. सीजे-3बीचं उंच बॉनेट कुणालाही लांबून ओळखू येतं. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असलेलं हरिकेन इंजिन आधीच्या जीपच्या बसक्या बॉनेटखाली मावेना, म्हणून विलीजने 1953 साली ते उंच केलं. त्या बॉनेटवर मी ग्राइंडर चालवला. चार थर निघाले. पाचव्या थराखाली पिवळी, काळी सावली दिलेली, कुण्या पेंटरने हाताने काढलेली अक्षरं होती, हे लक्षात येईपर्यंत ‘अग्निशामक’ मधलं ‘मक’ तेवढं शिल्लक होतं. बाकी धूळ होऊन माझ्याच पायाशी पडलं होतं. त्या ‘मक’ वर मी लॅकर मारून घेतला आणि उरलेल्या गाडीला भारतीय मानकातला 536 क्रमांकाचा ‘फायर रेड’. लोक रंगाचं कौतुक करतात. मला तो ‘मक’ दिसतो.

मराठीत बंब दोन. एक न्हाणीघरातला तांब्याचा, पोटात आग आणि भोवती पाणी. दुसरा आगीचा. दुसऱ्याचं नातं पोर्तुगीज ‘बोंबा’शी जोडतात, आणि त्याचा अर्थ साधा, पंप. हे आधी कळलं असतं तर मी सुरुवात पंपापासून केली असती. कारण बंब म्हणजे पंपच. बाकीची गाडी त्याला आगीपर्यंत नेण्यापुरती.

आणि पंपही साधा निघाला नाही. चिमण्यांचं घरटं काढलं तेव्हा खाली कॉव्हेंट्री क्लायमॅक्सची पाटी होती. ब्रिटिश सरकारला 1950 च्या सुमारास हलका, माणसांना उचलून नेता येईल असा आगीचा पंप हवा होता. वॉल्टर हसन आणि हॅरी मंडी यांनी त्यासाठी 1020 सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन बनवलं, ताकद 38 हॉर्सपॉवर. नाव ठेवलं ‘फेदरवेट’. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांनी ते हेरलं आणि पंपाचं इंजिन ल मान्सच्या ट्रॅकवर गेलं. जिम क्लार्कने 1963 आणि 1965 ची फॉर्म्युला वन जिंकली ती याच भावकीतल्या व्ही-8 इंजिनावर. त्या इंजिनाच्या नावातली ‘एफडब्ल्यू’ ही अक्षरं या फेदरवेटचीच. आमच्याकडे त्याच घराण्याचा एक वंशज मळीच्या वासात बसून होता.

पंपाचा इम्पेलर मात्र गंजून पार कुरतडला होता. सुटा भाग कुठून मिळणार? पण हे कोल्हापूर आहे. उद्यमनगरातल्या एका पॅटर्न मिस्त्रींनी जुन्या इम्पेलरवरून सागवानी पॅटर्न केला, गनमेटल थंड होताना आकसतं म्हणून मापं दीड टक्का वाढवून. पहिलं कास्टिंग सच्छिद्र निघालं, दुसरं एका पात्याला पातळ. तिसरं बसलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती 55 फुटांच्याही वर गेली. आमची शेड बुडाली. इंजिनात गाळ. पुन्हा सगळं खोललं. पुढच्या साली लॉकडाऊन. त्यात काम झालं ते वायरिंगचं.

विहिरीवरची पहिली चाचणी 2021 च्या एप्रिलमधली. इंजिन झकास चाललं, पाणी येईना. सेंट्रिफ्युगल पंप आपणहून पाणी खेचत नाही. आधी सक्शनच्या नळीतली हवा काढून घ्यावी लागते, मग बाहेरच्या हवेचा दाबच पाणी वर ढकलतो. तेही पुस्तकात दहा मीटर, प्रत्यक्षात सातेक. आमचं पाणी पाच मीटरवर होतं, म्हणजे सबब नव्हती. दिवसभर झटून दमलो, तेव्हा अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका फिटर मामांना आणलं. ते पंपाकडे न बघता नळीकडे बघत म्हणाले, “पाणी वडत न्हाई म्हंजे हवा वडतोय. कुठनं शिरतीया ते बघा आदी.” दाढीचा साबण मागवला, जोडांवर फेस लावला आणि नळीचं तोंड बंद करून हवा काढणारा प्रायमर चालवायला लावला. तिसऱ्या जोडावरचा फेस गपकन आत गेला. कपलिंगमधला चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता.

मी रबराचा शोधायला निघालो, तर मामांनी थांबवलं आणि चपला करणाऱ्या कारागिराकडे नेलं. त्याने म्हशीच्या कातड्याचे वॉशर कापून दिले, ते रात्रभर एरंडेलात ठेवले. दुसऱ्या दिवशी मिनिटभरात पाणी आलं आणि समोरची शाळूची गंजी भिजली. मालकाला भरपाई दिली.

कागदांचं थोडक्यात सांगतो. 2021 च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली, पण ती दुचाकींसाठी आणि प्रवासी चारचाकींसाठी. आमच्या आरसी बुकात ‘फायर टेंडर’. काउंटरवर मला विचारलं, ही प्रवासी कशी? उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

त्याच महिन्यात पुन्हा पूर आला. या वेळी गाडी उंचावर होती. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या एका दवाखान्याचं तळघर भरलेलं राहिलं. तिथली मोटर बुडालेली, वीज बंद. आम्ही बंब नेला. गाळ आणि प्लॅस्टिक आत जाऊ नये म्हणून सक्शनच्या तोंडाला जाळी हवी, ती आमच्याकडे नव्हती. शेजारच्या घरातून बांबूची बुट्टी आणली, तिच्यात नळीचं टोक ठेवून दोरीने आवळलं. मामांनी प्रायमर धरला. तीन तासांत तळघराची फरशी दिसली. घंटा वाजवायचं कुणाला सुचलंच नाही.

जाळी आजही मिळालेली नाही. चार इंची सक्शनची, जुन्या धाटणीची तांब्याची किंवा पितळेची जाळी कुणाच्या अडगळीत असेल तर ती भंगारात घालण्याआधी मला कळवा. बुट्टी आता तिसरी झाली.