ट्रिटियम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली. त्याच दिवशी चीनने जपानी मासळीची आयात थांबवली. वादाचे मूळ होते ट्रिटियम, म्हणजेच हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक. ट्रिटियम पाण्याच्या रेणूचाच भाग बनतो, त्यामुळे इतर किरणोत्सारी द्रव्ये गाळणाऱ्या यंत्रणेतून तो पाण्याबरोबर निसटतो. त्याच्याविषयीची भीती बरीचशी अपुऱ्या माहितीतून आलेली आहे.

गैरसमज : जड पाणी किरणोत्सारी असते.

वस्तुस्थिती : अलिबागजवळ थळला जड पाणी तयार होते. त्यातला हायड्रोजन ड्यूटेरियम असतो, म्हणजे केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. तो स्थिर आहे. त्याचा ऱ्हास होत नाही. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या साधारण ६,४०० अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचाच असतो. अणुभट्टीत वापरताना मात्र काही ड्यूटेरियम आणखी एक न्यूट्रॉन पकडतो आणि ट्रिटियम बनतो. वापरलेले जड पाणी म्हणूनच जपून हाताळावे लागते.

गैरसमज : ऱ्हास होतो म्हणजे अणू फुटतो.

वस्तुस्थिती : इथे काहीच फुटत नाही. ट्रिटियमच्या दोन न्यूट्रॉनांपैकी एकाचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात आणि मागे हेलियम-३ उरतो. हायड्रोजनचा अणू हेलियमचा होतो, तोही गाजावाजा न करता. इलेक्ट्रॉनची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सरासरी तर ५.७ हजारच. जुन्या रंगीत टीव्हीच्या काचनळीत इलेक्ट्रॉनांना याहून जास्त, सुमारे २५ हजार व्होल्टांचा जोर मिळत असे. ट्रिटियमचा इलेक्ट्रॉन हवेत जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातो आणि कातडीच्या वरच्या मृत थरातच अडतो.

गैरसमज : अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे पंचवीस वर्षांत सगळा ट्रिटियम संपतो.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम ट्रिटियमचे १२.३ वर्षांनी ५० ग्रॅम उरतात, पुढच्या तितक्याच काळाने २५, मग साडेबारा. प्रत्येक वेळी उरलेल्याचा निम्मा जातो. एखादा अणू नेमका केव्हा बदलेल हे सांगता येत नाही. तो कालच तयार झालेला असो वा वीस वर्षांपूर्वीचा, दोघांनाही पुढची शक्यता सारखीच.

गैरसमज : शरीरात गेलेला ट्रिटियम जन्मभर साठून राहतो.

वस्तुस्थिती : पाण्यातून पोटात गेलेला बहुतेक ट्रिटियम पाण्याच्याच वाटेने, लघवी आणि घामातून, बाहेर पडतो. साधारण दहा दिवसांत निम्मा जातो. थोडासा भाग पेशींच्या रेणूंत अडकतो आणि जास्त काळ राहतो. मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर धोका आहेच, म्हणून मर्यादा आखलेल्या आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १०,००० बेकेरेल आहे. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास. फुकुशिमातून सोडताना पाणी १,५०० बेकेरेलच्या खाली येईल इतके पातळ केले जाते.

गैरसमज : ट्रिटियम फक्त माणसाने निर्माण केला.

वस्तुस्थिती : वैश्विक किरण वरच्या वातावरणात आदळतात तेव्हा तो सतत तयार होतो आणि पावसाबरोबर खाली येतो. अणुबॉम्बच्या खुल्या चाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पावसातले त्याचे प्रमाण शिगेला पोचले. त्या खुणेचा भूजलशास्त्रज्ञांना आजही उपयोग होतो : विहिरीच्या पाण्यात ट्रिटियम जवळजवळ सापडलाच नाही, तर ते पाणी १९५० च्या दशकाआधी जमिनीत मुरलेले असते.