हत्याराचे पाणी

हत्याराला ‘पाणी देणे’ हा वाक्प्रयोग मी आयुष्यभर वर्गात समजावून सांगितला. त्यामागील शास्त्र मात्र कारागिरांचे आहे. कर्बयुक्त पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात वा तेलात बुडविले, की ते कठीण होते. परंतु काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवून त्यात चिवटपणा आणावा लागतो. हा मेळ साधणे, हे टूलमेकरचे एक कौशल्य होय.

इतर कारागीर वस्तू घडवितात. टूलमेकर त्या वस्तूंचे साचे, ठसे व हत्यारे घडवितो. साहजिकच त्याची एक चूक हजारो वस्तूंत उतरते. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला भोक पाडणारा पंच आणि त्याखालची डाय यांत प्रत्येक बाजूस साधारण ०.०५ मिलिमीटर फट ठेवतात. ती वाढली, तर भोकाची कड ओबडधोबड होते. घटली, तर पंच लवकर झिजतो. आपले सुतार सुताने मोजत. एक सूत म्हणजे अष्टमांश इंच. येथे सुताच्या साठाव्या हिश्शाचाही हिशेब द्यावा लागतो!

म्हणून मायक्रोमीटर वाचणारी नजर, कानस चालविणारा संयमी हात आणि त्रिकोणमितीचे पक्के ज्ञान हवे. आज संगणकावर आरेखन होते, सीएनसी यंत्रे धातू कापतात. तरी नकाशावरून वस्तू मनात उभी करण्याची शक्ती माणसालाच कमवावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंगांधळेपणामुळे ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, ते शिकवू लागले आणि १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. रेषेची साक्षरता माणसाला कोठवर नेते, याचे हे उदाहरण.

डिंडोली-उधना परिसरातील अनेक खानदेशी कुटुंबांनी सुरतेच्या मागांवर घाम गाळला. त्यांच्या घरांत आजही ‘गुण कमी पडले, म्हणून आयटीआय’ असे म्हटले जाते, याचे मला वाईट वाटते. आयटीआयमधील ‘टूल अँड डाय मेकर’ हा अभ्यासक्रम किंवा अहमदाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममधील प्रशिक्षण ही हुशार मुलामुलींची पहिली निवड का असू नये? यंत्रांच्या माहितीपुस्तिकांसाठी इंग्रजी शिकावे लागेल, हे खरे. परंतु नकाशातील रेषा कोणाचे माध्यम विचारीत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत आहेत, त्यांनी दहावीच्या मुलांना एकदा आपली टूलरूम दाखवावी, एवढीच माझी विनंती आहे.