बंद पद्मिनीला थेट स्टार्टर मारू नका!

शेजारच्या काकांची प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षं उभीच. परवा नवी बॅटरी आणून म्हणाले, "मारू का स्टार्टर?" म्हटलं, "काका, थांबा!"

कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं १०८९ सीसी इंजिन साधं नि दणकट. पण उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटू शकतात. जोर लावला तर तुटतात.

म्हणून चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडून रात्रभर मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून गाडी हळूच ढकला.

इंजिन मोकळं फिरलं? आता जुनं पेट्रोल नि ऑइल काढा, कार्बोरेटर साफ करा.

ब्रेकचे रबर होज मात्र मी बदलतोच. ते आतून फुगलेले असतात, बाहेरून दिसत नाही.

तुमच्या दारात अशी गाडी आहे? कमेंटमध्ये बिनधास्त विचारा!